मोटारीतील पिस्तूल आणि त्याचे म्यान

बालाघाटहून बैहरकडे निघालेला रस्ता घाट चढून दाट रानात शिरतो. त्याच वाटेवर उकवा हे खाणीचे गाव आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि नागपुरास मुख्य कचेरी असलेल्या मॉईल ह्या सरकारी कंपनीची मँगनीजची भूमिगत खाण येथे आहे. खाणीच्या आश्रयाने ठेकेदार, व्यापारी, मालमोटारींचे मालक आणि पहाऱ्याच्या नोकरीवर आलेले निवृत्त सैनिक अशी नाना प्रकारची माणसे ह्या मुलखात वावरतात. लांबचे रस्ते, विरळ वस्ती आणि जवळ बाळगावी लागणारी रोकड ह्यांमुळे त्यांपैकी काहींना परवान्याचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर जवळ असावे असे वाटते. ते बाळगून मोटार हाकावयाची, तर ते ठेवावयाचे कोठे आणि कशात, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो. वस्तुतः शस्त्र कोणते घ्यावे ह्या प्रश्नाहूनही त्याचे महत्त्व अधिक आहे. कारण पिस्तूल झाडण्याचा प्रसंग बहुतेकांच्या आयुष्यात कधीच येत नाही, पण ते कमरेला लावून मोटारीत बसण्याचा प्रसंग रोज येतो.

पिस्तूल ठेवण्याच्या म्यानाला इंग्रजीतून आलेला होल्स्टर हाच शब्द आता रूढ झाला आहे. त्याची निवड करणारा मनुष्य दुकानात गेला की पहिला प्रश्न विचारतो तो असा: ‘ह्यातून पिस्तूल किती चटकन बाहेर येते?’ चित्रपटांनी लावलेली ही सवय आहे. होल्स्टरची खरी कामे निराळीच आहेत, आणि ती चार आहेत. शस्त्राच्या चापाला कशाचाही स्पर्श होऊ न देणे, हे पहिले. धक्क्याने किंवा उलथापालथीने ते गळून पडू न देणे, हे दुसरे. ते दुसऱ्याच्या दृष्टीस पडू न देणे, हे तिसरे. आणि मालकावाचून अन्य कोणाच्या हाती जाऊ न देणे, हे चौथे. चटकन बाहेर येण्याचा विचार ह्या चारही कसोट्यांनंतर करावयाचा.

ह्यापैकी काही गोष्टी केवळ शहाणपणाच्या नसून कायद्याच्याही आहेत. आपल्या देशात शस्त्रांचे नियमन १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने होते. त्याखाली प्रथम १९६२ साली आणि पुढे २०१६ साली नव्याने नियम करण्यात आले. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल न्यावयाचे झाल्यास ते अंगाशी बांधलेल्या होल्स्टरमध्ये, किंवा पाठपिशवीत अथवा तत्सम पिशवीत असले पाहिजे. ते पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे. आणि नेणाऱ्याचे त्यावर प्रत्यक्ष नियंत्रण असले पाहिजे. अमेरिकेत पुष्कळ राज्यांत शस्त्र झाकून न्यावे की उघडे, हा ज्याच्या त्याच्या पसंतीचा प्रश्न असतो. आपल्याकडे झाकणे हे कर्तव्य आहे. परवानाधारकाने नियम मोडल्यास, आणि त्या अपराधाला दुसरी शिक्षा सांगितलेली नसल्यास, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय परवाना जाण्याची भीती असतेच.

ह्या नियमाच्या उजेडात मोटारीकडे पाहिले म्हणजे पुष्कळ प्रचलित जागा आपोआप बाद होतात. समोरच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेले पिस्तूल झाकलेले नसते. शेजारच्या आसनावर रुमालाखाली ठेवलेले पिस्तूल पहिल्याच जोरदार ब्रेकला पायांशी जाऊन पडते. कागदपत्रांच्या कप्प्यात ते ठेवले, तर कागद काढावयास कप्पा उघडताच ते पोलिसाच्या किंवा मुलाच्या दृष्टीस पडते. हल्ली सुकाणूच्या खाली लोहचुंबकाने पिस्तूल चिकटवून ठेवण्याची साधने परदेशी विक्रेते विकतात. अपघातात नेमके त्याच जागी चालकाचे गुडघे आदळतात, आणि नुसत्या चुंबकाला लटकलेल्या पिस्तुलाचा चाप उघडाच राहतो. शिवाय ह्यांपैकी कोणतीही जागा ‘अंगाशी बांधलेली’ ह्या व्याख्येत बसत नाही. मोटार उभी करून मालक चहा घ्यावयास उतरला की शस्त्र मागे राहते ते राहतेच.

आसनाखालची जागा तर सर्वांत फसवी. अमेरिकेतील मिलवॉकी शहरी एप्रिल २०१६ मध्ये घडलेली घटना ह्या बाबतीत कोणाही कुटुंबवत्सल माणसाने विसरू नये. एक तरुण आई मोटार चालवीत होती. चालकाच्या आसनाखाली ठेवलेले पिस्तूल गाडीच्या हालचालीने सरकत मागे गेले. मागच्या आसनावरील तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या ते हाती लागले, आणि आसनाच्या पाठीतून आरपार गेलेल्या गोळीने त्या आईचा प्राण घेतला. ते पिस्तूल तिचेही नव्हते. तिच्या निकटच्या माणसाने ते तेथे ठेवलेले होते. शस्त्र होल्स्टरमध्ये, आणि होल्स्टर मालकाच्या अंगावर असता, तर गाडी हलली म्हणून ते कोणापाशी गेले नसते.

म्हणजे मोटारीतील शस्त्राची जागा अंगावर, हे ठरले. आता होल्स्टर कशाचे आणि कसे असावे, ते पाहू. आपल्याकडे परवान्यावर मिळणाऱ्या लहान शस्त्रांत .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर पुष्कळ प्रमाणात दिसते; कानपूरच्या सरकारी कारखान्यात ते तयार होते. बहुतेक रिव्हॉल्व्हरांना सुरक्षेची वेगळी कळ नसते. चाप जोराने ओढावा लागतो, हीच त्याची सुरक्षा. ह्याचा अर्थ असा की, त्या चापावर होल्स्टरचे कठीण आवरण असणे हे शोभेचे नसून अत्यावश्यक आहे. चापाभोवतीची संपूर्ण कडी झाकली गेली पाहिजे, आणि बाहेरून बोटाने कितीही दाबले तरी तो दाब चापापर्यंत पोहोचता कामा नये.

चामडे, जाड कापड आणि प्लॅस्टिक अशा तीन जिनसांची होल्स्टरे बाजारात मिळतात. कानपूर हे शहर रिव्हॉल्व्हरांप्रमाणेच चामड्याच्या कामाकरिताही प्रसिद्ध आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तेथे सैन्यासाठी खोगिरांचा सरकारी कारखाना काढला होता. चांगले, जाड, शस्त्राच्या मापावर बसवलेले चामडे अंगाला सुखावह असते आणि हालचालीत आवाज करीत नाही. पण चामडे म्हातारे होते. काही वर्षांनी त्याचे तोंड सैल पडते, कडा आत दुमडते, आणि शस्त्र आत सारताना ती दुमडलेली कडाच बोटासारखी चापात शिरते. अशा रीतीने गोळी सुटल्याची उदाहरणे परदेशात नोंदली गेली आहेत. त्यातून बालाघाटसारख्या पावसाळी, रानाच्या मुलखात ओले चामडे शस्त्राला कवटाळून राहिले म्हणजे लोखंडाला गंज चढतो तो वेगळाच. म्हणून चामड्याचे होल्स्टर वापरणाराने पावसाळ्यात शस्त्र घरी येताच बाहेर काढून पुसावे, आणि होल्स्टर सावलीत वाळवावे.

कायडेक्स नावाच्या कडक प्लॅस्टिकची होल्स्टरे तापवून शस्त्राच्या आकारावर बसवतात. ती पाणी पीत नाहीत, त्यांचे तोंड दुमडत नाही, आणि शस्त्र आत बसले की खट्कन आवाज येतो. मात्र ज्या नमुन्यासाठी ती केलेली असतात तोच नमुना त्यांत नीट बसतो. परदेशी पिस्तुलासाठी केलेले होल्स्टर कानपूरच्या रिव्हॉल्व्हरला ‘चालते’ असे दुकानदाराने सांगितले, तर ते मुळीच घेऊ नये. कापडी, सर्व मापांची म्हणून विकली जाणारी स्वस्त होल्स्टरे तर ह्या कामाला निरुपयोगीच होत. कारण जे सर्वांना बसते ते कोणालाच घट्ट बसत नाही. होल्स्टर कोणत्याही जिनसाचे असो, मोटारीसाठी त्याला शस्त्र अडकवून धरणारी पट्टी किंवा कळ असावी. आणि ते ज्या कमरपट्ट्याला लावावयाचे तो जाड, ताठ व होल्स्टरच्या फटीत गच्च बसणारा असावा. पट्टाच सैल असला तर उत्तम होल्स्टरही लोंबकळते.

आता सर्वांत नाजूक प्रश्न: अंगावर म्हणजे नेमके कोठे? ह्या विषयावरील बहुतेक सल्ला अमेरिकेतून येतो, आणि तो येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे चालक डावीकडे बसतो. त्याचा आसनपट्टा डाव्या खांद्यावरून येऊन उजव्या कमरेशी कुलपात अडकतो. म्हणून उजव्या कमरेला होल्स्टर लावणाऱ्या तिकडच्या चालकाला ते कुलूप आड येते, आणि तो होल्स्टर पोटासमोर किंवा डाव्या बाजूस हलविण्याच्या खटपटीत असतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून उतरतो आणि कुलूप डाव्या कमरेशी येते. म्हणजे उजव्या हाताने व्यवहार करणाऱ्या येथील चालकाची उजवी कमर कुलपापासून मोकळी असते. परदेशी पुस्तक वाचून त्याने होल्स्टर डावीकडे नेले, तर नसलेली अडचण तो हाताने ओढवून घेतो.

उजव्या कमरेला, हाडाच्या किंचित मागे, पट्ट्याबरोबर उंच बसणारे आणि सैल बुशशर्टाखाली झाकले जाणारे होल्स्टर येथील चालकाला बहुधा सर्वांत सोयीचे. शस्त्राच्या नळीचे तोंड तेव्हा खाली आसनाच्या गादीकडे राहते; ते कोणा माणसाकडे वळलेले नसते. मात्र एक खबरदारी घेतली पाहिजे. आसनपट्ट्याचा मांडीवरचा भाग होल्स्टरवरून न जाता त्याच्या पुढून, कमरेच्या हाडांना लागून, खाली बसला पाहिजे. अपघाताच्या वेळी तो पट्टा विलक्षण जोराने आवळतो. त्याच्याखाली लोखंडाचा तुकडा आला तर वाचविणारा पट्टाच हाड मोडील. पट्टा नीट बसत नसेल तर होल्स्टर बदलावे. पट्टा सोडू नये. रस्त्यावर दरोडेखोर भेटण्यापेक्षा समोरून भरधाव मालमोटार येण्याचा संभव कितीतरी पट अधिक आहे.

चालकाच्या शेजारी बसणाराची स्थिती उलट असते. त्याच्या आसनपट्ट्याचे कुलूप उजव्या कमरेशी येते. जो ठेकेदार कधी स्वतः गाडी हाकतो आणि कधी चालक ठेवून शेजारी बसतो, त्याने एकच होल्स्टर दोन्ही ठिकाणी सारखेच सोयीचे पडेल असे समजू नये. डावखोऱ्या चालकाचीही अडचण हीच. कुलपाच्या कळीवर होल्स्टर आले तर अपघातानंतर सोडवावयास आलेल्या लोकांना पट्टा सुटणार नाही. अशा माणसाने गाडी दुसऱ्यास हाकावयास सांगून आपण शेजारी बसावे, हे उत्तम.

इतर जागांचे दोषही ध्यानात घेतले पाहिजेत. काखेत आडवे लटकणारे होल्स्टर चित्रपटात रुबाबदार दिसते, पण त्यातील नळीचे तोंड सतत मागे बसलेल्या माणसाकडे रोखलेले असते. आणि मागे बहुधा मुले बसतात. पोटासमोर खोचलेले शस्त्र बसल्यावर मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीवर रोखले जाते. पाठीच्या कण्याशी लावलेले शस्त्र मोटारीत टोचते, आणि मोटारसायकलवरून माणूस उताणा पडला तर ते कण्यालाच इजा करते. उकव्याच्या आसपास चारचाकीपेक्षा मोटारसायकलीच अधिक दिसतात, म्हणून हा शेवटचा इशारा येथे विशेष महत्त्वाचा. घोट्याशी बांधलेले होल्स्टर ब्रेक व क्लच दाबणाऱ्या पायाला जड होते, आणि ते एखाद्या वेळी पायपट्टीत अडकले तर गोळी न सुटताही प्राण जाईल.

स्त्रियांचा विचार ह्या चर्चेत सहसा होत नाही. २०१४ साली सरकारी शस्त्रकारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे अर्धा किलो वजनाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पण साडी नेसणाऱ्या स्त्रीला कमरपट्टा नसतो, आणि मग ते शस्त्र पर्समध्ये जाते. किल्ल्या, पेन, सुटे पैसे ह्यांच्या गर्दीत उघडे रिव्हॉल्व्हर टाकणे म्हणजे चापाला निमंत्रणच होय. पर्सच वापरावयाची झाल्यास शस्त्राला स्वतंत्र, बंद कप्पा हवा. त्या कप्प्यातही चाप झाकणारे कडक होल्स्टर हवे. आणि पर्सचा पट्टा खांद्यावरून अंगात अडकवलेला हवा. एवढे करूनही पर्स क्षणभरदेखील दृष्टीआड होता कामा नये. अमेरिकेतील आयडाहो राज्यात हेडन ह्या गावी डिसेंबर २०१४ मध्ये एका परवानाधारक आईचे पिस्तूल खास कप्प्याच्या पर्समध्येच होते. ती दुकानात खरेदी करीत असता तिच्या दोन वर्षांच्या मुलाने कप्पा उघडला, आणि त्याच्या हातून सुटलेल्या गोळीने तिचा अंत झाला. कप्पा होता, नियंत्रण नव्हते.

पुष्कळ अपघात शस्त्र वापरताना होत नाहीत. ते काढता-ठेवताना होतात. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा ह्यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायाला लागली. प्रवासास निघण्यापूर्वी शस्त्र ठेवीत असता हे घडल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. ह्यावरून मोटारीसाठी एक साधा नियम निघतो: गाडीत बसल्यावर शस्त्राला हात लावू नये. बसताना बोचते म्हणून काढून बाजूस ठेवणे आणि उतरताना पुन्हा खोचणे, ह्या दोन क्रियांतच धोक्याचा मोठा वाटा असतो. ज्या होल्स्टरात दोन तास स्वस्थ बसवत नाही ते होल्स्टर कितीही महाग असो, मोटारीसाठी नालायकच समजावे. आणि ज्या फेरीत न्यायालय, बँक, शाळा अशा ठिकाणी उतरावयाचे आहे, त्या फेरीस शस्त्र घरच्या कुलपातच राहू द्यावे.

परवान्याची हद्दही निघण्यापूर्वी पाहावी. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता चालतो हे लिहिलेले असते. बालाघाटहून गोंदियाकडे जाताना बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्र लागतो. मध्यप्रदेशापुरता परवाना असलेल्याचे कायदेशीर शस्त्र त्या पुलावर बेकायदेशीर होते. उलट दिशेला, बैहरच्या पुढे मुक्कीच्या बाजूने कान्हा राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथे लेखी पूर्वपरवानगीवाचून शस्त्र नेण्यास मनाई आहे. निवडणुकीच्या दिवसांत जिल्हादंडाधिकाऱ्याच्या आदेशाने शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, हेही विसरून चालत नाही.

होल्स्टर विकत घेतल्यावर त्याची परीक्षा घरीच घ्यावी. शस्त्र पूर्णपणे रिकामे करावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, आणि शस्त्र रिकामे असल्याची पुन्हा एकदा खात्री करावी. मग ते होल्स्टरमध्ये घालून गादीवर उलटे धरून हलवावे. ते पडता कामा नये. बाहेरून सर्व बाजूंनी दाबून पाहावे; चाप हलता कामा नये. शस्त्र काढल्यावर होल्स्टरचे तोंड उघडेच राहते की मिटते, ते पाहावे. शेवटी ते कमरेला लावून उभ्या मोटारीत आसनपट्टा बांधून बसावे, वळून मागे पाहावे, वाकून पायाखालचे काही उचलावे, दार उघडून उतरावे. आणि ह्या साऱ्यात शर्ट वर सरकून शस्त्र उघडे पडते काय, हे घरच्या माणसाला पाहावयास सांगावे. एवढ्या परीक्षेस अर्धा तास पुरतो. हीच परीक्षा दरवर्षी पावसाळा संपल्यावर पुन्हा करावी.

एक प्रश्न तरीही उरतो. एवढ्या बंदोबस्ताने झाकलेले, पट्टीने अडकवलेले, आसनपट्ट्याखाली दबलेले शस्त्र ऐन संकटात हाती येईल काय? उत्तर प्रामाणिकपणे द्यावयाचे तर, लवकर येणार नाही. पण मोटारीत बसलेल्या माणसाचे पहिले संरक्षण मोटार हेच असते. दारे कुलूपबंद ठेवणे, पुढच्या गाडीपासून निघता येईल एवढे अंतर राखणे, आणि संशय येताच न थांबता वस्तीकडे निघून जाणे, ह्यांत कोणतीही गोळी लागत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही स्वसंरक्षणाचा हक्क बचावाला आवश्यक तेवढ्याच बळापुरता दिलेला आहे, आणि सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास अवसर असेल तेथे तो हक्कच उरत नाही. निघून जाण्याची वाट मोकळी असता थांबून गोळी झाडणाराला न्यायालयात पुष्कळ प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतील.

तेव्हा होल्स्टर निवडताना ‘शत्रू आला तर काय?’ एवढेच विचारून भागत नाही. शत्रू न आलेल्या हजारो दिवसांचे काय, हेही विचारले पाहिजे. त्या प्रत्येक दिवशी गाडीत बायको असते, मागच्या आसनावर मुले असतात, रस्त्यात खड्डे असतात, आणि चालकाच्या डोळ्यांवर कधी झोपही असते. ह्या साऱ्यांत ते शस्त्र जागचे न हलता, कोणास न दिसता, कोणाच्या हाती न लागता सुखरूप घरी परत येणे, हेच त्या म्यानाचे काम. आपल्या फिरतीच्या रीतीला हे काम करील असे म्यान सापडत नसेल, तर त्या प्रवासापुरते शस्त्र घरी कुलपात ठेवणे, ही सर्वांत सुरक्षित निवड होय.